कार्टमध्ये आठ वस्तू, आठवड्यात दोन रात्री

२०२५ च्या ऑक्टोबरातला पहिला आठवडा. रात्री साडेअकराला मावसभावाचा स्क्रीनशॉट आला. आयरेसिंग या ऑनलाइन मोटार-शर्यतींच्या सिम्युलेटरचं कार्ट, त्यात आठ वस्तू, खाली बेरीज, आणि सोबत एकच ओळ: ‘दादा, दाबू का?’

मी लिहिलं, ‘थांब. उद्या बोलू.’

त्या ‘थांब’पासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत जे झालं ते इथे मांडतोय. चार-पाच वर्षांच्या खंडानंतर रेसिंग सिम्युलेटरकडे वळणारे बरेच जण मला माहीत आहेत. लॉकडाऊनमध्ये स्टीअरिंग व्हील घेतलं, वर्ष-दीड वर्ष झपाटल्यासारखं चालवलं, मग ते माळ्यावर गेलं. परतताना सगळे एकाच जागी अडतात: काय विकत घ्यायचं? माझ्या सल्ल्यातलं काय बरोबर निघालं आणि काय चुकलं, दोन्ही सांगतो.

आधी दुकानाची ओळख

माहीत असणाऱ्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. आयरेसिंग ही मॅसॅच्युसेट्समधली कंपनी. डेव्ह केमर आणि जॉन हेन्री यांनी ती २००४ मध्ये काढली आणि सेवा सर्वांसाठी खुली झाली २००८ मध्ये. केमर म्हणजे पॅपायरस या गेम कंपनीवाले, ज्यांचा १९९८ चा शर्यतींचा गेम ‘ग्रां प्री लेजंड्स’ जुने लोक अजून हळवे होऊन आठवतात. हेन्री म्हणजे बॉस्टन रेड सॉक्स आणि लिव्हरपूल या संघांचे मालक.

पैशांची रचना दुहेरी आहे. आधी सदस्यत्व: महिन्याला १३ डॉलर, तीन महिन्यांना ३३, वर्षाला ११०. ते भरलं की आत जाता येतं, काही गाड्या आणि काही ट्रॅक त्यातच मिळतात. बाकीचं सगळं सुटं विकत. गाडी ११.९५ डॉलरला, ट्रॅक बहुतेक १४.९५ ला. एकदा घेतलेलं कायम तुमच्या खात्यावर राहतं, पण सदस्यत्व संपलं की हात लावता येत नाही. आपल्या फ्लॅटला कुलूप लावून किल्ली सोसायटीने ठेवून घ्यावी, तसं. एका खरेदीत तीन ते पाच वस्तू घेतल्या तर दहा टक्के सूट, सहा किंवा जास्त घेतल्या तर वीस.

ही वीस टक्क्यांची सूट फार घात करते. चार वस्तू हव्या असतात, माणूस सहा घेतो.

शर्यती मालिकांमध्ये चालतात. वर्षाचे चार मोसम, प्रत्येकी बारा आठवडे, दर आठवड्याला नवा ट्रॅक. आठवडा बदलतो मंगळवारी, ग्रिनिच वेळेनुसार मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला. सोमवारी रात्री ‘उद्या चालवू’ म्हणून झोपलात की उठेपर्यंत ट्रॅक गेलेला असतो. ही चूक प्रत्येक जण एकदा तरी करतो. मी दोनदा केली आहे.

घरची स्थिती

मावसभाऊ पुण्यात राहतो, हिंजवडीत नोकरी. एप्रिल २०२० मध्ये सगळं बंद असताना त्याने जुनं लॉजिटेक व्हील आणि पेडल्स घेतली आणि आयरेसिंगचं सदस्यत्व काढलं. त्या काळात अमेरिकेत नॅस्कार या मोटार-शर्यतींचे खरे ड्रायव्हर घरी बसून आयरेसिंगवर शर्यती करत होते आणि फॉक्स त्या टीव्हीवर दाखवत होतं. तेव्हा सगळ्यांनाच ते वेड लागलं होतं.

दीड वर्ष तो नियमित होता. मग १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांना जादा पडताळणी लावणारा रिझर्व्ह बँकेचा नियम आला आणि त्याच महिन्यात त्याचं नूतनीकरण फसलं. चार क्लिक करून हाताने भरता आलं असतं, पण ऑफिस पुन्हा सुरू होत होतं, लग्न ठरत होतं. ‘पुढच्या महिन्यात बघू’ असं म्हणता म्हणता चार वर्षं गेली.

आता मुलगी दोन वर्षांची. व्हील माळ्यावरून खाली आलं त्याला कारण फॉर्म्युला वनचा मॅक्स वेर्स्टापेन. २७ सप्टेंबर २०२५ ला तो जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफे या लांबलचक, जंगलातल्या ट्रॅकवर फेरारी २९६ जीटी३ (जीटी३ म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवरून बनवलेल्या शर्यतीच्या गाड्यांचा वर्ग) घेऊन चार तासांच्या शर्यतीत उतरला आणि जिंकला. जोडीदार होता क्रिस ललम, जो सिम रेसिंगमधून खऱ्या गाडीत आलेला आहे. वेर्स्टापेन स्वतः आयरेसिंगवर रात्र रात्र काढणारा. मावसभावाने तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की बायको म्हणाली, ‘मुलीला आता एबीसीडीच्या आधी नॉर्डश्लाइफे म्हणता येईल.’

तेव्हा कार्टमध्ये फेरारी २९६ आणि नॉर्डश्लाइफे असणार हे ओघानेच आलं. सोबत पोर्शे ९९२ कप, ल माँ, बाथर्स्ट, इंटरलागोस, फुजी आणि पोर्तिमाव. दोन गाड्या, सहा ट्रॅक. मूळ किंमत ११३.६०, वीस टक्के वजा जाऊन ९०.८८ डॉलर. डॉलर ८८ रुपये धरला तर आठ हजार. वर वार्षिक सदस्यत्व ९,६८०. एकूण साडेसतरा हजारांच्या वर, त्यात बँकेचा परदेशी व्यवहाराचा आकार वेगळा.

‘वाईट नाहीये ना?’ तो म्हणाला. ‘एका बऱ्या मोबाइलपेक्षा कमीच आहे.’

मोबाइल तू रोज वापरतोस, मी म्हटलं.

जुन्या कपाटात काय आहे

शनिवारी त्याच्याकडे गेलो. पहिलं काम: चार वर्षांपूर्वीचं काय काय खात्यावर आहे ते बघणं. त्याला वाटत होतं ‘तीन-चार ट्रॅक असतील’. निघाले सात: स्पा, मोंझा, न्युर्बुर्गरिंगचा ग्रां प्री ट्रॅक, ब्रँड्स हॅच, इमोला, वॉटकिन्स ग्लेन, रोड अमेरिका. गाड्या दोन: बीएमडब्ल्यू एम४ जीटी३ आणि पोर्शे ९११ जीटी३ कप, पण जुनी, ९९१ पिढीची.

या ९९१ ची कथा ऐकण्यासारखी आहे. २०२० च्या पावसाळ्यात त्याने ती हौसेने घेतली. गाडी अवघड: एबीएस नाही, इंजिन मागे, वळताना ॲक्सिलरेटरवरून पाय अचानक काढला की मागची बाजू पुढे यायला बघते. तीन-चार महिने शिकण्यात गेले. २०२१ मध्ये खऱ्या पोर्शेने ९९२ पिढीची कप गाडी आणली, आयरेसिंगनेही त्याच वर्षी ती आणली, आणि पोर्शे कपची मालिका नव्या गाडीवर गेली. त्याची ९९१ खात्यावर तशीच राहिली. चालवता येते, पण नेमाने भरणारी मालिका उरली नाही.

माझ्या सगळ्या हिशेबाचं मूळ या एका गाडीत आहे. गाडी जुनी होते. खऱ्या जगात कारखाना नवं मॉडेल काढतो, मालिका त्याच्या मागे जाते, तुमचे बारा डॉलर कपाटात राहतात. ट्रॅकचं तसं नसतं. आयरेसिंग ट्रॅक लेझरने मोजून घेतं, खड्डा, उंचवटा, कर्बची धार सगळं, आणि स्पा उद्याही स्पाच असतं. मालिका बदलली, गाडी बदलली, तरी स्पा आणि मोंझा यादीत परत येतात. म्हणून परतणाऱ्याने गाडीला हात आखडता ठेवावा. जीटी३ वर्गात एक गाडी असली की पुरते, आणि एम४ त्याच्याकडे होतीच. आजही ती जीटी३ च्या रांगेत उभी आहे.

‘म्हणजे २९६ नाही?’

‘तुझ्या एम४ मध्ये काय खोट आहे?’

‘लांब आहे रे. नाक केवढं मोठं. वळताना आतली कडाच दिसत नाही.’

‘चार वर्षांत तू गाडीच चालवली नाहीस. कडा कुठून दिसणार?’

२९६ तिथेच कार्टबाहेर गेली. ९९२ कपवर तो फार भांडला नाही. ९९१ चा डंख अजून होता.

फुकटचे पंधरा दिवस

खरेदीआधी मी एक अट घातली: सदस्यत्व फक्त एका महिन्याचं, १३ डॉलर, आणि पहिले दोन आठवडे काहीही विकत नाही. यामागे दोन कारणं होती.

एक, सवलती. नोव्हेंबरच्या शेवटी ब्लॅक फ्रायडेला सदस्यत्वावर सूट देण्याचा आयरेसिंगचा शिरस्ता आहे. ऑक्टोबरात वर्षाचे ११० भरणं म्हणजे दिवाळीच्या सेलच्या आदल्या दिवशी फ्रिज घेणं. तीन महिन्यांचे ३३ सुद्धा नकोत. दोन सुटे महिने २६ मध्ये होतात आणि नोव्हेंबरअखेर गाठता येते.

दुसरं कारण त्याचा हात. आयरेसिंगमध्ये प्रत्येकाला दोन आकडे असतात. सेफ्टी रेटिंग सांगतं तुम्ही किती स्वच्छ चालवता, आयरेटिंग सांगतं किती वेगवान. शर्यतीला माणसं जास्त आली की आयरेटिंगनुसार गट पाडतात. २०२४ च्या मार्चमध्ये रोडचा (म्हणजे वळणांच्या ट्रॅकवरच्या शर्यतींचा) परवाना स्पोर्ट्स कार आणि फॉर्म्युला असा दोन भागांत फुटला, तेव्हा त्याचा जुना आकडा दोन्हीकडे उतरला: एकोणीसशेच्या आसपास. चांगला आकडा आहे, पण तो २०२१ च्या माणसाचा. २०२५ च्या माणसाला त्या गटात सोडलं तर तो पहिल्याच वळणावर कुणाच्या तरी दारात घुसणार आणि मग ‘माझ्याकडे चांगली गाडी नाही’ म्हणत २९६ घेणार. हे मी पाहिलेलं आहे. आपल्या हाताचा दोष झाकायला माणूस किती पैसे खर्च करतो ते सिम रेसिंगमध्ये कळतं.

तर त्या शनिवारी अपडेट उतरवायला ठेवलं. चार वर्षांचं साचलेलं, दुपारी दोनला सुरू केलं ते संध्याकाळच्या चहाला पुरलं. तोवर व्हील टेबलाला आवळलं. पेडल्स गुळगुळीत फरशीवर ब्रेक दाबला की मागे सरकायची, म्हणून २०२० मध्येच त्याने जुगाड केला होता: पेडल्स आणि भिंत यांच्यामध्ये जेवायचा लाकडी पाट उभा अडकवायचा. पाट शोधायला स्वयंपाकघरात गेला तर बायको म्हणाली, ‘भाऊजी, तुम्ही तरी सांगा. त्या पाटावर भाऊबीजेला बसवायचंय ह्यांनाच.’ मी म्हटलं, त्या दिवशी परत मिळेल.

पहिली गाडी सदस्यत्वात मिळणारी मझ्दा एमएक्स-५, ट्रॅकही त्यातलाच, लाइम रॉक. कनेटिकटमधला हा छोटा ट्रॅक, दीड मैलाचा, एक फेरी मिनिटभराची. (शेजारच्या चर्चच्या आणि रहिवाशांच्या तक्रारीवरून आलेल्या कोर्टाच्या हुकमामुळे तिथे १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून रविवारी शर्यत होत नाही. सिममध्ये मात्र रविवारी मध्यरात्रीही गाड्या घुमत असतात.) समोर कॉम्प्युटरने चालवलेल्या दहा गाड्या, म्हणजे आयरेटिंगला धक्का नाही.

पहिली फेरी. सरळ पट्टा संपला, बिग बेंड हे पहिलं वळण आलं, त्याने जिथे ब्रेक मारला ती जागा २०२१ मध्ये बरोबर असेलही. पाट कुरकुरला, पुढची चाकं अडकली, गाडी सरळ गवतात. पडद्यावर १एक्स, म्हणजे चुकीचा (इन्सिडंटचा) एक गुण. दुसऱ्या फेरीत तो घाबरून इतका आधी थांबला की मागचा त्याच्या बंपरवर आला: ४एक्स. तिसऱ्या फेरीला चढणीच्या वळणावर, जिथे गाडी माथ्यावर हलकी होते, त्याने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला आणि गाडी गोल फिरली: २एक्स. तीन फेऱ्यांत सात. बऱ्याच खऱ्या शर्यतींत सतरा झाले की काळा झेंडा मिळतो, म्हणजे शर्यतीतून बाहेर.

तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘दादा, मला आधी हे येत होतं ना?’

‘यायचं. तू विसरलास.’

विसाव्या फेरीच्या सुमाराला हात जागा झाला. ब्रेक सरळ रेषेत, मग वळताना हळूहळू सोडायचा, पूर्ण सोडायचा नाही. शरीराला आठवतं, फक्त डोक्याने मध्ये यायचं थांबावं लागतं. त्या दोन आठवड्यांत त्याने मझ्दाच्या सहा खऱ्या शर्यती केल्या. आयरेटिंग सोळाशेच्या खाली घसरून पुन्हा थोडं वर आलं. मला घसरणीचं वाईट वाटलं नाही. आकडा खरा होत होता.

रात्री मोजणं

आता मूळ प्रश्न. मी त्याला ट्रॅकची यादी मागितली नाही. मोसमाचे उरलेले आठवडे कागदावर उभे लिहायला लावले आणि प्रत्येकासमोर तू कोणत्या रात्री खरंच बसू शकतोस ते.

मोसमाचे तीन आठवडे उलटून गेले होते, उरले नऊ. बुधवारी आणि शनिवारी मुलीला झोपवण्याची पाळी बायकोची. मुलगी साडेदहाला झोपते, अकराला हा मोकळा. आपल्या रात्री अकरा ते एक म्हणजे युरोपची संध्याकाळ, तेव्हा गर्दी चांगली असते, गट नीट पडतात. पुण्याहून युरोपच्या सर्व्हरवर पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारा वेळ) त्याच्याकडे सव्वाशे-दीडशे मिलिसेकंद दिसत होता, चालण्यासारखा. तर आठवड्याला दोन रात्री. त्यातून दिवाळीचा एक आठवडा गावी. नोव्हेंबरात ऑफिसचं रिलीज, तोही आठवडा गेला. हातात सात.

इथेच एक आमिष निकालात निघालं. एका मालिकेत बारापैकी आठ आठवडे भाग घेतला की आयरेसिंग थोडे डॉलर क्रेडिट म्हणून परत देतं. बरेच जण त्या आशेवर जास्तीचे ट्रॅक घेतात: ‘परत तर मिळणारच आहेत.’ याचे आठ होणारच नव्हते. तो हिशेब खोडला.

मग मालिका. फिक्स्ड सेटअपची जीटी३ मालिका ठरली. फिक्स्ड म्हणजे सगळ्यांना तयार सेटअप, पंखाचा कोन आणि स्प्रिंगांशी खेळत बसायचं नाही. ज्याच्याकडे आठवड्याला चार तास आहेत त्याने त्यातले दोन सेटअपमध्ये घालवू नयेत, हे माझं ठाम मत. ओपन सेटअपवाले यावर चिडतात. चिडू देत.

उरलेल्या नऊ ट्रॅकपैकी चार त्याच्याकडे होते, एक सदस्यत्वातला. चार कमी. त्यातला एक दिवाळीच्या आठवड्यात पडत होता, एक रिलीजच्या. हे दोन आपोआप गळाले. राहिले सुझुका आणि रोड अटलांटा.

गंमत बघा. आठ वस्तूंच्या मूळ कार्टमध्ये हे दोन्ही नव्हते. ल माँ, बाथर्स्ट, पोर्तिमाव होते, म्हणजे जे टीव्हीवर पाहिलेले, नावाने ओळखीचे. चालवायचा मोसम एकीकडे आणि घ्यायची यादी दुसरीकडे. कार्ट भरताना त्याने मालिकेचं वेळापत्रक उघडलंच नव्हतं.

मी त्याला भावही रात्रीत काढून दाखवला. एक ट्रॅक साधारण १,३१५ रुपये. या मोसमात त्यावर दोनच रात्री मिळणार, म्हणजे रात्रीला साडेसहाशे. मल्टिप्लेक्समध्ये दोघं जाऊन आलात तर तेवढेच होतात. सुझुका पुढच्या मोसमांत पुन्हा पुन्हा येईल, तसा हा भाव उतरत जाईल. ल माँ त्याच्या मालिकेत येणारच नव्हतं, त्यामुळे त्याचा भाव रात्रीवर काढताच येत नव्हता.

‘पटलं,’ तो म्हणाला. ‘पण नॉर्डश्लाइफे मी घेणार.’

आमचं इथे बिनसलं

माझं म्हणणं सरळ होतं. नॉर्डश्लाइफे सुमारे २०.८ किलोमीटर. जीटी३ गाडीने एक फेरी सहा-सात मिनिटांची. ती पाठ व्हायला महिना लागतो. फिक्स्ड मालिकेत ती या मोसमात नाही. तिच्यावरच चालणारी रिंग माइस्टर ही मालिका आहे, पण तिथे आठवड्याला गाडी बदलते, म्हणजे पुन्हा खरेदी. शर्यतींच्या हिशेबात तिच्या रात्री शून्य.

त्याचा युक्तिवाद: ग्रां प्री ट्रॅक आपल्याकडे आहेच, नॉर्डश्लाइफे घेतली की दोन्ही जोडून तयार होणाऱ्या एकत्र आखण्याही उघडतात. वेर्स्टापेन जिथे जिंकला तीच आखणी. शिवाय तिसरी वस्तू आली की दहा टक्के सूट लागते.

‘तुझ्यासाठी सवलतीचा सापळा लावलाय आणि तू त्यात पाय ठेवून मला दाखवतोयस,’ मी म्हटलं.

‘दादा, मी परत का आलोय? रोड अटलांटासाठी?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बायकोने आतून सांगितलं, ‘घेऊ द्या भाऊजी, नाहीतर तो व्हिडिओ अजून महिनाभर चालेल.’

शेवटी तीन ट्रॅक: सुझुका, रोड अटलांटा, नॉर्डश्लाइफे. ४४.८५ मधून दहा टक्के जाऊन ४०.३७ डॉलर, साडेतीन हजारांच्या थोडं वर. दोन महिन्यांचं सदस्यत्व धरून ५,८४० रुपये. साडेसतरा हजारांऐवजी. पैसे पहिल्यांदा गेले नाहीत, कारण कार्डावर परदेशी व्यवहार बंद होता. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन तो सुरू करायचा, व्यवहार झाला की बंद करायचा, एवढंच. चार वर्षांपूर्वी याच फंदात त्याचं सगळं थांबलं होतं, म्हणून या वेळी मी शेजारी बसून करवून घेतलं.

डिसेंबरात काय दिसलं

माझा कागद सात आठवडे सांगत होता. प्रत्यक्षात तो चार आठवडे शर्यतीत उतरला, एकूण सहा शर्यती. सुझुकाचा आठवडा उत्तम गेला: दोन शर्यती, दुसरीत एकही इन्सिडंट नाही आणि सातवा क्रमांक. एस वळणांतून एम४ चं ते लांब नाक कसं वळवायचं ते त्याला तिथे सापडलं. फोन करून वीस मिनिटं फक्त एस वळणांवर बोलला.

रोड अटलांटाच्या आठवड्यात मुलीला ताप. बुधवार गेला, शनिवारी डॉक्टर. मी हिशेब करून, ठासून घ्यायला लावलेल्या ट्रॅकवर तो अजून एकही शर्यत धावलेला नाही. सरावाच्या पाच फेऱ्या, बस्स.

आणि नॉर्डश्लाइफे? तिथे तो जवळपास रोज जातो. शर्यत नाही, कुणी समोर नाही, टेस्ट सेशन उघडायचं, एम४ घ्यायची, दोन फेऱ्या मारायच्या. पंधरा-वीस मिनिटं. मुलगी रडली की गाडी तिथेच, जंगलात, रस्त्यावर सोडून उठायचं. कुणाचं काही बिघडत नाही.

माझ्या कागदाची चूक इथे होती. मी फक्त शर्यतीच्या रात्री मोजल्या. शर्यत म्हणजे सराव, पात्रता फेरी, अर्ध्या तासाच्या आतबाहेरची धाव, मध्ये उठला तर आकडा पडतो. दोन वर्षांच्या मुलीच्या बापाला अशी सलग, खात्रीची रात्र आठवड्यात दोन नव्हे, एकच मिळते आणि तीही कधी कधी. पण वीस मिनिटांचे तुकडे त्याच्याकडे रोज पडलेले होते. मी ते धरलेच नाहीत, कारण माझी मुलं मोठी आहेत आणि मी विसरलो होतो. रोजच्या पंधरा मिनिटांनी भागलं तर नॉर्डश्लाइफेचा भाव रात्रीला वीस-तीस रुपये पडतो. माझ्या रोड अटलांटाचा भाव सांगायला नको.

तरी कार्टमधले बाकीचे पाच ट्रॅक न घेण्याबद्दल आम्ही दोघे आजही एका मतावर आहोत. ल माँ त्याला एकदाही आठवलं नाही. पोर्तिमाव कुठल्या देशात आहे ते त्याने मला विचारलं.

नोव्हेंबरअखेर सूट आली तेव्हा त्याने वर्षाचं सदस्यत्व घेतलं. २९६ घेतली नाही, आपण होऊन. म्हणाला, एम४ आता बरी वळते. पाट भाऊबीजेला गावी नेला होता, परत आला, पुन्हा भिंतीला लागला.

परवा रात्री पावणेबाराला मेसेज आला. या वेळी स्क्रीनशॉट नव्हता.

‘दादा, रिंग माइस्टरच्या गाड्यांत आपली जुनी ९९१ कधी येते का, बघ ना जरा.’

बघतोय.